चिरकारी जठरशोथ : निदान, उपचार आणि व्यवस्थापन

सारांश

जठराच्या आतील अस्तराला दीर्घकाळ राहणारी दाहयुक्त सूज म्हणजे चिरकारी जठरशोथ होय. सर्वसामान्य व्यवहारात या विकाराची ‘पित्त’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणून नोंद घेतली जाते आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळीवर त्याचा निकाल लावला जातो. प्रत्यक्षात या विकाराची कारणे भिन्न असून प्रत्येक कारणाचा उपचार वेगळा आहे. एका प्रकारात तर जठरातील आम्ल मुळातच कमी झालेले असते. प्रस्तुत लेखात जठरशोथाचे स्वरूप, कारणे, निदानाच्या पद्धती, उपचार व दीर्घकालीन देखरेख यांचा परामर्श घेतला असून, कारण निश्चित केल्याशिवाय आम्लशामक औषध चालू ठेवणे हे उपचार पुढे ढकलण्यासारखे आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : जठरशोथ, हेलिकोबॅक्टर पायलोरी, वेदनाशामके, प्रोटॉन पंप रोधक, ब१२ जीवनसत्त्व, जठराचा कर्करोग.

१. प्रस्तावना

पोटाच्या वरच्या भागातील जवळजवळ प्रत्येक तक्रारीला मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द वापरला जातो. पित्त खवळते, पित्त उसळते, पित्ताने डोके धरते. आयुर्वेदात काश्यपसंहिता व माधवनिदान या ग्रंथांत ‘अम्लपित्त’ या नावाने आंबट ढेकर, छातीतील व घशातील जळजळ, अन्न न पचणे अशा लक्षणांचे वर्णन आढळते. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राच्या परिभाषेत मात्र पित्तरस यकृतात तयार होतो, तर जठरातील आंबटपणा हायड्रोक्लोरिक आम्लामुळे असतो. म्हणजेच ‘पित्त’ हे आपल्या बोलण्यात लक्षणांचे नाव आहे. त्यावरून रोगाचे कारण समजत नाही.

या भाषिक सवयीचा परिणाम उपचारांवर होतो. नाव एकच असल्यामुळे औषधही एकच असावे, अशी समजूत दृढ होते. अध्यापक वर्ग याला अपवाद नाही. सकाळच्या तासिका, उपाशीपोटी घेतलेला चहा, परीक्षेच्या काळातील जागरणे आणि मान-पाठ दुखली की घेतलेली वेदनाशामक गोळी हा अनेकांचा नित्यक्रम असतो. प्राध्यापक कक्षातील खणात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी सापडणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ती पट्टी वर्षानुवर्षे चालू राहते आणि तिच्यामागचे कारण कोणी शोधत नाही, ही चिंतेची बाब आहे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून दुय्यम साधनांवर आधारित आहे. वैद्यकीय सल्ल्याला पर्याय देणे हा त्याचा हेतू नाही; वैद्याकडे गेल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, हे वाचकाला कळावे एवढीच अपेक्षा आहे.

२. जठराचे अस्तर आणि शोथाचे स्वरूप

जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते. तरीही जठर स्वतःला पचवीत नाही, कारण त्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा जाड थर असतो, त्या थरात आम्लाचे उदासिनीकरण करणारे बायकार्बोनेट स्रवत राहते आणि पृष्ठभागावरील पेशी काही दिवसांतच बदलून नव्या येतात. ही संरक्षक व्यवस्था आणि आम्ल यांच्यातील समतोल ढळला की अस्तराला इजा होते. इजेचे कारण कायम राहिले, तर तेथे रोगप्रतिकारक पेशी जमू लागतात आणि सूज टिकून राहते. हाच चिरकारी जठरशोथ.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. जठरशोथ हे ऊतकाच्या पातळीवरचे निदान आहे. अस्तराचा सूक्ष्म तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ते निश्चितपणे करता येत नाही. पोटात जळजळ होणाऱ्या अनेकांच्या जठरात शोथ आढळत नाही. त्यांचा त्रास जठराच्या हालचालीशी किंवा संवेदनशीलतेशी निगडित असतो. याउलट ज्यांच्या जठरात वर्षानुवर्षे शोथ आहे, अशा पुष्कळांना कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे जळजळ थांबली म्हणजे शोथ बरा झाला, हे अनुमान तर्काला धरून नाही.

३. कारणमीमांसेचा इतिहास

विसाव्या शतकाचा बराच काळ आम्ल, मानसिक ताण आणि तिखट आहार हीच जठराच्या विकारांची कारणे मानली जात होती. इतक्या तीव्र आम्लात जीवाणू जगू शकत नाहीत, असा समज रूढ होता. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉयल पर्थ रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरेन यांना जठरशोथ असलेल्या ऊतकांत वक्राकार जीवाणू दिसले. पुढे तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्या कामात सहभागी झाले. जीवाणूची प्रयोगशाळेतील वाढ सुरुवातीला साधत नव्हती. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे काही बश्या नेहमीपेक्षा अधिक दिवस उबवणीपेटीत राहिल्या आणि त्यांत हे मंद गतीने वाढणारे जीवाणू प्रथमच दिसून आले.

वैद्यकीय जगताला हे सहजासहजी पटले नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचे संवर्धन स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून केलेल्या तपासणीत जठरशोथ आढळला. १९८९ मध्ये या जीवाणूला ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे नाव मिळाले. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत समाविष्ट केले आणि २००५ मध्ये वॉरेन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्योटो सहमतीनुसार या जीवाणूमुळे होणारा जठरशोथ हा, लक्षणे असोत वा नसोत, संसर्गजन्य रोग मानला जातो.

४. प्रमुख कारणे

(अ) जीवाणूजन्य जठरशोथ. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. हेलिकोबॅक्टर पायलोरी आपल्या ‘युरिएज’ या विकराच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करून श्लेष्म्याच्या थरात वस्ती करतो. संसर्ग बहुधा बालपणी, कुटुंबातच होतो. दाट वस्ती आणि अस्वच्छ पाणी त्याला पोषक ठरतात. उपचार न केल्यास तो बहुतांशी जन्मभर टिकतो. भारतात या संसर्गाचे प्रमाण मोठे आहे.

(आ) रासायनिक जठरशोथ. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामके हे त्याचे मुख्य कारण होय. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ही औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. जठराचा श्लेष्मा व रक्तपुरवठा याच द्रव्यांवर अवलंबून असल्याने वेदना थांबते, पण अस्तराचे कवचही पातळ होते. हा परिणाम रक्तामार्फत घडतो. म्हणून इंजेक्शन घेतल्याने किंवा आतड्यात विरघळणारी गोळी घेतल्याने धोका पूर्णपणे टळत नाही. पित्तरस आतड्यातून उलटा जठरात येणे, विशेषतः जठराच्या शस्त्रक्रियेनंतर, हे या गटातील दुसरे कारण आहे. अतिमद्यपानानेही अस्तराला इजा पोहोचते.

(इ) स्वप्रतिकारक जठरशोथ. यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा जठरातील आम्ल स्रवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. याच पेशी ब१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास आवश्यक असलेला ‘आंतरिक घटक’ तयार करतात. पेशी नष्ट होत गेल्या की आम्ल घटते, लोहाचे व ब१२ चे शोषण मंदावते आणि पांडुरोग, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण अशी लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे शाकाहारामुळे ब१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. ‘शाकाहारी आहात, म्हणून कमी आहे’ एवढ्यावर विचार थांबला, तर हा विकार नजरेतून निसटतो. स्वप्रतिकारक थायरॉइड विकार किंवा टाइप १ मधुमेह असलेल्यांमध्ये ही शक्यता अधिक असते.

५. निदान

सर्वच रुग्णांना दुर्बिणीच्या तपासणीची गरज नसते. मात्र वजन अकारण घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, गिळताना अडथळा, वारंवार उलट्या, पांडुरोग, कुटुंबात जठराच्या कर्करोगाचा इतिहास किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास एंडोस्कोपी टाळू नये.

एंडोस्कोपीत अस्तर लालसर दिसले म्हणून अहवालात ‘गॅस्ट्रायटिस’ असे लिहिले जाते. तेवढ्यावर निदान पूर्ण होत नाही. जठरशोथाच्या वर्गीकरणासाठी १९९० मध्ये ‘सिडनी पद्धती’ मांडण्यात आली आणि १९९४ मध्ये ह्यूस्टन येथील बैठकीत तिच्यात सुधारणा झाली. तीनुसार जठराच्या खालच्या भागातून दोन, मधल्या वळणावरून एक आणि वरच्या मुख्य भागातून दोन असे एकूण पाच नमुने घेतले जातात. शोथ कोठे आहे, किती आहे आणि अस्तराचा शोष झाला आहे काय, हे त्यावरून ठरते.

जीवाणूच्या तपासणीसाठी श्वासपरीक्षा व शौचातील प्रतिजन परीक्षा या दुर्बिणीविना करता येणाऱ्या विश्वासार्ह पद्धती आहेत. श्वासपरीक्षेत विशिष्ट कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जीवाणू असल्यास त्याचे विघटन होऊन तो कार्बन उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो. या तपासण्यांपूर्वी प्रोटॉन पंप रोधक गोळ्या वैद्याच्या सल्ल्याने किमान दोन आठवडे आणि प्रतिजैविके किमान चार आठवडे बंद असावी लागतात. अन्यथा जीवाणू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. रक्तातील प्रतिपिंडांची परीक्षा संसर्ग गेल्यानंतरही दीर्घकाळ होकारार्थी राहते. त्यामुळे उपचार यशस्वी झाला की नाही, हे तिच्यावरून ठरविता येत नाही.

६. कारणानुसार उपचार

६.१ जीवाणूचे निर्मूलन. एकाच प्रतिजैविकाने हा जीवाणू जात नाही. दोन प्रतिजैविके आणि आम्लरोधक गोळी यांचा त्रिविध उपचार दीर्घकाळ प्रचलित होता. परंतु क्लॅरिथ्रोमायसिन व मेट्रोनिडाझोल यांना जीवाणू दाद देईनासे झाल्यामुळे त्याचे यश घटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औषधरोधी जीवाणूंच्या यादीत क्लॅरिथ्रोमायसिनरोधी हेलिकोबॅक्टरचा समावेश होता. अमेरिकेतील जठरांत्रविज्ञान महाविद्यालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रथम उपचार म्हणून बिस्मथयुक्त चतुर्विध उपचाराला पसंती दिली आहे. त्यात प्रोटॉन पंप रोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल ही औषधे १४ दिवस दिली जातात.

हे १४ दिवस सोपे नसतात. गोळ्यांची संख्या मोठी असते, तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, बिस्मथमुळे जीभ व शौच काळी होते. याची पूर्वकल्पना नसलेला रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी बरे वाटू लागताच किंवा शौच काळी दिसल्याने घाबरून औषध सोडतो. अर्धवट उपचारात टिकून राहिलेले जीवाणू पुढील वेळी त्याच औषधांना दाद देत नाहीत. म्हणून औषधे कोणत्या वेळी व अन्नाच्या आधी की नंतर घ्यायची, टेट्रासायक्लिन दुधासोबत का घ्यायचे नाही, उपचारकाळात मद्य का वर्ज्य, हे आरंभीच विचारून घ्यावे. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी औषधयोजना वेगळी असते.

उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासपरीक्षा किंवा शौचपरीक्षा करून जीवाणू गेल्याची खात्री करून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. व्यवहारात नेमका हाच टप्पा सर्वाधिक वगळला जातो.

६.२ औषधजन्य जठरशोथ. येथे पहिला उपाय कारण दूर करणे हा होय. वेदनाशामक खरोखर आवश्यक आहे काय, पॅरासिटामॉलने किंवा व्यायामोपचाराने भागेल काय, याचा वैद्याबरोबर विचार व्हावा. औषध अपरिहार्य असल्यास कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस आणि सोबत आम्लरोधक असा मार्ग अवलंबिला जातो. हृदयविकारासाठी दिलेले अल्प मात्रेचे ॲस्पिरिन मात्र रुग्णाने स्वतःहून कधीही थांबवू नये. त्यातून हृदयाला होणारा धोका जठराच्या त्रासापेक्षा मोठा असू शकतो.

६.३ स्वप्रतिकारक जठरशोथ. नष्ट झालेल्या पेशी परत आणणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. ब१२ ची पूर्तता इंजेक्शनाद्वारे किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्यांद्वारे बहुधा आयुष्यभर करावी लागते. लोहाची पातळी व थायरॉइडचे कार्य तपासत राहावे लागते. या रुग्णांच्या जठरात आम्ल आधीच कमी असल्याने आम्लरोधक गोळ्यांचा त्यांना सहसा उपयोग नसतो. पोट जड वाटते म्हणून तीच गोळी वर्षानुवर्षे घेतली जाणे, हे चुकीच्या नामकरणाचे ठळक उदाहरण होय.

७. आम्लरोधक औषधांचे स्थान

या औषधांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. १९७६ मध्ये सिमेटिडिन आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल उपलब्ध झाल्यानंतर जठरव्रणावरील शस्त्रक्रियांची गरज झपाट्याने घटली. व्रण भरून येण्यासाठी, निर्मूलन उपचारात प्रतिजैविकांना साहाय्य म्हणून आणि वेदनाशामके घेणाऱ्या वृद्धांच्या संरक्षणासाठी ती आवश्यकच आहेत. रॅनिटिडिनची कथा वेगळी आहे. त्यात एनडीएमए हे संभाव्य कर्ककारक द्रव्य आढळल्यामुळे २०२० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढले गेले आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळण्यात आले.

प्रोटॉन पंप रोधक गोळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घेतली तरच पूर्ण परिणाम साधते. जेवणानंतर, जळजळ झाल्यावर घेतल्याने तिचा हेतू अंशतः वाया जातो. दीर्घकाळ वापरात ब१२ व मॅग्नेशियमची कमतरता, आतड्यांचे संसर्ग आणि अस्थिभंगाची वाढीव शक्यता यांच्याशी तिचा संबंध आढळला आहे. गोळी एकदम बंद केल्यास काही काळ आम्ल पूर्वीपेक्षा अधिक स्रवते आणि जळजळ परतते. रुग्ण त्यालाच मूळ रोग समजतो व गोळी पुन्हा सुरू करतो. म्हणून ती वैद्याच्या सल्ल्याने, आवश्यक वाटल्यास टप्प्याटप्प्याने कमी करावी. ज्यांना ती निश्चित कारणासाठी दिली आहे, त्यांनी भीतीपोटी सोडू नये.

८. आहार व घरगुती उपाय

कोणताही आहार हेलिकोबॅक्टरचे निर्मूलन करीत नाही, तसेच तिखट खाल्ल्याने चिरकारी जठरशोथ होतो यास ठोस आधार नाही. तिखटाने जळजळ वाढत असेल तर ते कमी करावे. ते कारण नाही, त्रास वाढविणारा घटक आहे. थंड दुधाने क्षणभर आराम पडतो, परंतु दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे थोड्याच वेळात आम्लस्राव वाढतो. ज्येष्ठमधाचा दीर्घकाळ व अधिक मात्रेत वापर केल्यास रक्तदाब वाढून रक्तातील पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वेळेवर व बेताचे जेवण, रात्रीचे जेवण आणि झोप यांत पुरेसे अंतर, मद्य व धूम्रपान यांचा त्याग, मीठ व खारवलेल्या पदार्थांवर नियंत्रण, फळे व भाज्यांचे पुरेसे सेवन या गोष्टी मात्र निश्चित हिताच्या आहेत. तंबाखू कोणत्याही रूपात, मिश्रीच्यासुद्धा, वर्ज्यच समजावी.

९. दीर्घकालीन धोका व देखरेख

चिरकारी जठरशोथाकडे गांभीर्याने पाहण्याचे प्रमुख कारण म्हणजे त्याची संभाव्य वाटचाल. पेलायो कोरिया यांनी मांडलेल्या क्रमानुसार शोथ, अस्तराचा शोष, जठराच्या अस्तराला आतड्याच्या अस्तराचे रूप येणे, पेशींतील विकृती आणि शेवटी कर्करोग असे टप्पे अनेक वर्षांत घडतात. बहुसंख्य रुग्ण शेवटच्या टप्प्यापर्यंत जात नाहीत. भारतात संसर्ग मोठ्या प्रमाणावर असूनही पूर्व आशियाच्या तुलनेने जठराचा कर्करोग कमी आढळतो. मात्र मिझोराममध्ये त्याचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तेथे धुरी दिलेले मांस आणि तंबाखूचा धूर मुरविलेले पाणी यांच्या सेवनाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात जीवाणू नष्ट केल्यास पुढील धोका कमी होतो. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून राबविलेल्या सामूहिक निर्मूलन मोहिमेनंतर जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे निम्म्याने घटल्याचे नोंदले गेले. जपानने २०१३ मध्ये जीवाणूजन्य जठरशोथाच्या निर्मूलन उपचाराला आरोग्य विम्याचे संरक्षण दिले. ज्यांच्यात व्यापक शोष आधीच झालेला आहे, त्यांचा धोका निर्मूलनानंतरही पूर्णतः संपत नाही. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशांची दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी करावी. म्हणूनच ऊतकपरीक्षेचा जुना अहवाल जपून ठेवणे व पुढील वैद्याला दाखविणे आवश्यक ठरते.

१०. निष्कर्ष

१) ‘पित्त’ व ‘ॲसिडिटी’ ही लक्षणांची नावे आहेत. त्यांच्या आड जीवाणूसंसर्ग, औषधांचा दुष्परिणाम, स्वप्रतिकारक विकार किंवा शोथरहित अपचन यांपैकी काहीही असू शकते.

२) आम्ल कमी करणे आणि शोथ बरा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वप्रतिकारक प्रकारात आम्लरोधक औषध निरुपयोगी ठरू शकते.

३) जीवाणूजन्य प्रकारात पूर्ण १४ दिवसांचा उपचार व त्यानंतरची खात्री या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असे मानू नये.

४) वेदनाशामके आणि आम्लशामके यांची जोडी सवयीची होऊ न देता तिची गरज वेळोवेळी तपासावी.

५) शोष आढळलेल्या रुग्णांनी लक्षणे नसली तरी नियमित देखरेखीखाली राहावे.

अध्यापकाच्या शब्दाला विद्यार्थ्यांत व त्यांच्या घरांत आजही मान आहे. महिनोन्‌महिने पित्ताची गोळी घेणाऱ्या एखाद्याला ‘ही गोळी नेमकी कशासाठी चालू आहे, हे एकदा डॉक्टरांना विचारा’ एवढे सांगणे आपल्या हाती आहे. ज्या विकाराचे कारण शोधता येते आणि बहुतांश रुग्णांत दूरही करता येते, तो केवळ सवयीने आयुष्यभर सोबत बाळगण्याचे प्रयोजन नाही.